रोजच्या कामासाठी वही आणि पेन कोणते घ्यावे?

डावखुरी_नाशिककर

नमस्कार मंडळी,

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी उत्पादन-नियोजनाचे काम करते. कामाची आकडेवारी संगणकावर असते, बैठकांच्या वेळांची आठवण फोन करून देतो आणि घरचा जमाखर्चही एका ॲपमध्ये आहे. तरीही बैठकीत कोणी बोलू लागले की माझा हात कागद शोधतो, आणि मिळेल त्या चिठोऱ्यावर टिपलेले मुद्दे संध्याकाळपर्यंत कुठेतरी गहाळ होतात. म्हणून यापुढे एकच वही नीट ठेवावी असे ठरवले आहे.

मेन रोड आणि कॉलेज रोड या दोन्हीकडच्या दुकानांत चौकशी केली. साध्या दोनशे पानी वहीपासून तारखा छापलेल्या जाडजूड प्लॅनरपर्यंत सर्व काही मिळते, पण किमतींत इतका फरक आहे की आपण पैसे नेमके कशाचे मोजतो आहोत, हेच कळेना. माझ्या अडचणी दोन आहेत. मी डावखुरी असल्याने लिहिताना हात ओल्या शाईवरून फिरतो. आणि मी मराठी व इंग्रजी दोन्ही लिहिते, त्यामुळे बारीक ओळींच्या वहीत मराठीची दाटी होते. शिवाय एक शंका आहेच: कागदाची ही ओढ केवळ हौस आहे, की हाताने लिहिण्यातून खरोखर काही पदरात पडते?

फर्मा_आणि_शिवण

पैसे कागदाचे आणि शिवणीचे मोजावेत, वेष्टनाचे मोजू नयेत. नाशिकरोडला वह्या-पुस्तकांच्या बांधणीच्या कामात माझे आयुष्य गेले, त्यामुळे मी कागदापासूनच सुरुवात करतो.

कागदाचे वजन जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम या हिशेबाने सांगतात. शाळकरी वह्यांचा स्वस्त कागद साधारणपणे ५४ ते ६० जीएसएमचा असतो आणि कार्यालयातील प्रिंटरचा ७० ते ८० जीएसएमचा. वहीवर आकडा छापलेला नसेल तर ती काट्यावर ठेवून अंदाज घेता येतो. ए-५ आकाराचे ३२ कागद मिळून एक चौरस मीटर होते. म्हणून ७० जीएसएमचे शंभर कागद, म्हणजेच दोनशे पृष्ठे, पुठ्ठा वगळून सुमारे २२० ग्रॅम भरतात आणि ५४ जीएसएमचे १७० ग्रॅमच्या आसपास.

मात्र केवळ वजनावर जाऊ नका, कारण शाई फुटणे किंवा मागच्या बाजूला झिरपणे हे वजनापेक्षा कागदाला दिलेल्या खळीवर अधिक अवलंबून असते. कारखान्यात काही द्रव्ये लगद्यातच मिसळतात आणि नंतर पृष्ठभागावर स्टार्चचा हात देतात. धंद्यात याला साइझिंग म्हणतात. ते नीट झालेले असेल तर शाई तंतूंत न शिरता वरच राहून वाळते. जपानचा तोमोए रिव्हर हा कागद ५२ जीएसएमचा असूनही फाउंटन पेनची शाई त्यावर फुटत नाही, आणि उलट ८० जीएसएमचा एखादा कागद टीपकागदासारखी शाई पितो. आता तुमची अडचण अशी की खळ जितकी चांगली तितकी शाई उशिरा वाळते, म्हणजे जाणकार ज्या कागदाची तारीफ करतात तोच डावऱ्या हाताला त्रास देतो. तुम्ही गुळगुळीत, चकचकीत कागदाच्या मागे न लागता किंचित खरखरीत आणि ७० जीएसएमच्या पुढचा कागद पाहावा.

पावसाळ्यात कागद हवेतील ओल धरतो आणि एरवी चांगला वागणाराही शाई पसरवू लागतो. आमच्या शेजारच्या चलार्थपत्र मुद्रणालयात छापल्या जाणाऱ्या नोटांचा कागद कापसाच्या तंतूंचा असतो, त्यामुळे तो भिजून, चुरगळूनही तग धरतो. वहीचा कागद लाकूड, उसाचे चिपाड किंवा रद्दी यांच्या लगद्याचा असतो, त्याच्याकडून ती अपेक्षा करू नये.

बांधणीबाबत एवढेच सांगतो की डाव्या कडेला स्पायरल असलेली वही तुम्ही अजिबात घेऊ नका, उजव्या पानावर लिहिताना ती तार नेमकी तुमच्या मनगटाखाली येईल. फर्मे, म्हणजे एकात एक घालून दुमडलेल्या कागदांचे गठ्ठे, शिवून बांधलेली वही टेबलावर सपाट उघडते. नुसत्या डिंकाने चिकटवलेली उघडतही नाही आणि दाबून उघडली तर तिची पाने सुटतात.

द्राक्षवेल_दिंडोरी

वरील प्रतिसाद उत्तम आहे. ताई, मी फक्त तारखांविषयी लिहितो.

माझी द्राक्षबाग आहे आणि बागेची नोंदवही मी अनेक वर्षे ठेवत आलो आहे. निर्यातीसाठी नोंदणी केलेल्या बागेला फवारणीच्या नोंदी ठेवाव्याच लागतात, पण ती सक्ती नसती तरी मी त्या ठेवल्याच असत्या. आमच्या हंगामाची फळछाटणी ऑक्टोबरच्या आगेमागे होते आणि माल मार्च-एप्रिलपर्यंत उतरतो. साहजिकच १ जानेवारीला सुरू होणारी छापील डायरी आमचा हंगाम मधोमध चिरते; फुलोऱ्याची नोंद एका डायरीत आणि काढणीची दुसऱ्या डायरीत जाते. म्हणून मी साधे लाँगबुक घेतो आणि त्यात तारखेच्या आधी छाटणीपासूनचा कितवा दिवस आहे ते लिहितो. त्यापुढे औषध, त्याचे प्रमाण, किती लिटर पाणी, आभाळ होते की दव पडले होते, डाऊनी किंवा भुरी हे बुरशीचे रोग कुठे दिसले, डिपिंग म्हणजे घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणे कधी केले, एवढ्या नोंदी असतात. पुढच्या वर्षी त्याच दिवसाला बाग कोणत्या अवस्थेत होती ते पाहायचे झाले तर दोन वह्या शेजारी शेजारी उघडून ठेवतो. फोनच्या पडद्यावर दोन हंगाम असे एकत्र दिसत नाहीत, आणि फवारणीच्या ओल्या हाताला तो पडदा दादही देत नाही.

तुमच्या कारखान्याचे आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, मुलांची शाळा जूनमध्ये आणि व्यापाऱ्यांच्या नव्या वह्यांची पूजा दिवाळीत होते. म्हणजे जानेवारीचे प्लॅनर आपल्यापैकी फारच थोड्यांच्या कामाचे असते. शिवाय छापील पानात प्रत्येक दिवसाला सारखीच जागा मिळते. माझ्याकडे मात्र काही दिवस दोन ओळींत संपतात आणि अवकाळी पाऊस झाला की एका दिवसाला तीन पाने लागतात. कोरी वही घ्यावी आणि तारीख आपण घालावी.

पेन म्हणाल तर साधे बॉलपेन, तेही दोरीने वहीला बांधलेले. पंपाच्या खोलीत दुसरे काही टिकत नाही.

टाक_आणि_दौत

बॉलपेनची शिफारस बागेपुरती मान्य आहे, परंतु ज्यांना दिवसातून दोन-तीन पाने लिहायची असतात त्यांच्या हातावर बॉलपेन अन्याय करते. त्याची शाई तेलात कालवलेली आणि घट्ट असते. टोकाची गोळी फिरून ती कागदावर यावी यासाठी पेन काहीसे उभे धरून दाबावे लागते, आणि बोटे दुखतात ती या दाबामुळे. जेलची शाई पाण्यावर आधारित असल्याने दाब कमी लागतो. जपानच्या साकुरा कंपनीने १९८४ मध्ये ही शाई बाजारात आणली. फाउंटन पेनमध्ये शाई केशाकर्षणाने निबच्या चिरेतून आपोआप उतरते आणि पेनच्या स्वतःच्या वजनावरच लिहिता येते.

डावऱ्या हाताचा प्रश्न केवळ शाई वाळण्याचा नाही. उजव्या हाताने लिहिणारा निब ओढत नेतो आणि डावखुरा बहुधा ढकलत नेतो, त्यामुळे फार अणकुचीदार निब कागदात रुतते. दुसरीकडे देवनागरीची जोडाक्षरे जाड निबने भरून जातात. ‘लक्ष्मी’ किंवा ‘कर्तृत्व’ लिहून पाहा. म्हणून टोक बारीक पण गोलसर हवे. जपानी बनावटीचे ‘फाइन’ निब युरोपीय ‘फाइन’पेक्षा बारीक असते, हे खरेदीच्या वेळी ध्यानात ठेवावे. प्रत्यक्ष व्यवहारात तुम्ही पातळ तेलशाईचे बॉलपेन किंवा लवकर वाळणारे ०.५ मिलिमीटरचे जेलपेन यांपासून सुरुवात करावी आणि फाउंटन पेन घरच्या निवांत लिखाणासाठी ठेवावे, असे मला वाटते. ड्रॉपरने शाई भरण्याचे पेन बैठकीला तर नेऊच नये. शाई संपत आली की हाताच्या उबेने आतील हवा प्रसरण पावते आणि नेमका ठिपका पडतो. एप्रिल-मे महिन्यांत हे हमखास घडते.

ज्या नोंदी टिकायला हव्यात त्यांची शाई विचारपूर्वक निवडा. धुऊन जाणारी निळी शाई मुलांच्या गणवेशासाठी सोयीची, पण वहीवर चहाचा पेला कलंडला की पान कोरे होते. रंगकणांची, म्हणजे पिगमेंटची शाई पाण्याला दाद देत नाही, मात्र ती पेनमध्ये वाळू देऊ नये. हिरडा आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, यांच्यापासून आपल्याकडे पूर्वापार शाई होत असे; लोहयुक्त शाई हवेत काळी होत जाते आणि कागदाला घट्ट धरून राहते.

ओळींच्या दाटीविषयी एक सांगायचे राहिले. छापील ओळ रोमन अक्षरे वर बसावीत अशा हिशेबाने आखलेली असते. आपली अक्षरे शिरोरेघेला लोंबतात, वर वेलांट्या व रफार आणि खाली उकार यांनाही जागा लागते. शाळेत मराठीसाठी दुरेघी वही देतात ते याच कारणाने. मोठ्यांना ती शोभत नाही असे कोणाला वाटत असेल तर कोरी किंवा फिकट ठिपक्यांची वही घ्यावी आणि शिरोरेघ आपली आपण ठरवावी.

पंचवटीकर

हौस की उपयोग, या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला दिसत नाही.

अमेरिकेतील पॅम म्युलर आणि डॅनियल ओपेनहायमर यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लॅपटॉपवर टिपणे घेणारे विद्यार्थी वक्त्याचे शब्द जसेच्या तसे उतरवताना आढळले, आणि संकल्पनांवरील प्रश्नांना हाताने लिहिणाऱ्यांनी अधिक चांगली उत्तरे दिली. हा दाखला सर्वत्र दिला जातो. परंतु २०१९ मध्ये इतर संशोधकांनी तो प्रयोग पुन्हा केला तेव्हा फरक तितका ठळक दिसला नाही, हे क्वचितच सांगितले जाते. म्हणून हाताने लिहिल्याने स्मरणशक्ती वाढते अशा जाहिरातींवर विसंबू नये. हात जिभेपेक्षा हळू चालतो, त्यामुळे काय गाळायचे ते तिथल्या तिथे ठरवावे लागते, एवढा फायदा बैठकीच्या टिपणांसाठी मला पुरेसा वाटतो.

वहीचा खरा दोष शोधण्याचा आहे. फोनमध्ये शब्द टाकला की नोंद पुढ्यात येते, वहीत येत नाही. या बाबतीत आपल्याच गावात उत्तम उदाहरण आहे. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या घराण्यांच्या नामावळ्या पिढ्यान् पिढ्या लिहिल्या गेल्या आहेत. आडनाव आणि मूळ गाव सांगितले की त्या ढिगातून नेमकी वही निघते आणि तीत आपल्या आजोबा-पणजोबांच्या भेटीची नोंद वाचायला मिळते. वह्यांची मांडणी गाव आणि घराण्यानुसार ठेवल्यामुळेच हे शक्य होते. आपणही पानांना क्रमांक घालावेत, पहिली चार पाने अनुक्रमणिकेसाठी सोडावीत आणि प्रत्येक विषयापुढे तो ज्या ज्या पानांवर आला असेल त्यांचे क्रमांक लिहीत जावे. रायडर कॅरोल यांनी २०१३ मध्ये लोकांपुढे मांडलेल्या, कोऱ्या वहीत थोडक्यात नोंदी ठेवण्याच्या बुलेट जर्नल पद्धतीतही अनुक्रमणिका हाच कणा आहे; तिच्यातील नक्षीकाम आणि रंगीत पट्ट्या लोकांनी नंतर चिकटवल्या.

गजर आणि वेळा मात्र फोनवरच राहू द्या. दुधाचा आणि गॅसच्या टाकीचा हिशेब भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर असावा, म्हणजे तो घरातील सर्वांना दिसतो.

डावखुरी_नाशिककर

सर्वांचे मनापासून आभार. छापील प्लॅनरचा विचार सोडून दिला आहे. फर्मादादा, प्रिंटरचा ७५ जीएसएमचा ए-४ कागद मधोमध दुमडून तुमच्यासारख्या बांधणीवाल्याकडून वही शिवून घेतली तर चालेल का?

फर्मा_आणि_शिवण

चालेल, पण दोन गोष्टी आधी तपासा. पहिली म्हणजे त्या कागदावर आपल्याच पेनने चार ओळी लिहा, पाच सेकंद थांबून त्यावरून डावा हात फिरवा आणि मग पान उलटून मागची बाजू पाहा. दुसरी गोष्ट ग्रेनची. कागदातील तंतू एका दिशेने झुकलेले असतात आणि प्रिंटरच्या ए-४ कागदात ती दिशा बहुतेक वेळा लांबीची असते. असा कागद मधोमध दुमडला की तंतू शिवणीला आडवे येतात, पाने ताठ उभी राहतात आणि वही सपाट पडत नाही. कागदाच्या लांबीच्या व रुंदीच्या दिशेने एकेक पट्टी कापून दोन्हींची एक बाजू ओली करा. जी पट्टी आपल्या लांबीशी समांतर पन्हाळीसारखी वळेल, तिच्या लांबीच्या दिशेने ग्रेन आहे असे समजा. ग्रेन कागदाच्या लांबीतून जात असेल तर ए-४ घेऊ नका. बांधणीवाल्याला मोठ्या तावातून कागद कापायला सांगा आणि ग्रेन शिवणीला समांतर ठेवायला बजावा. पन्नास कागद दुमडले की दोनशे पृष्ठे होतात. पाच-पाच कागदांचे दहा फर्मे शिवून घ्या, आणि पुठ्ठा कापडी लावा.