मदत हवी आहे : वृद्ध सेवा केंद्रात नवीन लागले आहे, शिकवलेलं आणि तिथली पद्धत जुळत नाही

पिंपळपान

नमस्कार मंडळी. जनरल ड्यूटी असिस्टंटचा, म्हणजे जीडीएचा कोर्स करून नाशिकजवळच्या एका वृद्ध सेवा केंद्रात लागले आहे. नाव मुद्दाम देत नाही. बहुतेक आजी-आजोबा अंथरुणाला खिळलेले, काही लकव्याचे, काहींना विसरण्याचा आजार. मजल्यावर दिवसा आम्ही दोघी, रात्री एकच. सिस्टर सगळ्या मजल्यांना मिळून एक.

डायपर, पॉट, स्पंजिंग, कशाचीच किळस वाटत नाही. अडचण वेगळी आहे. सोबतच्या मावशी जुन्या, हात चटपटीत, पेशंटवर जीव लावणाऱ्या. पण त्या करतात त्यातलं बरंचसं आम्हाला 'असं करू नका' म्हणून शिकवलं होतं.

एका आजींच्या माकडहाडावर रुपयाएवढा लाल डाग आहे. मावशी तिथे रोज खोबरेल तेलाने खसाखसा चोळतात, वर पावडर, खाली हवेची गोल रिंग. आजींची लेक भेटायला येते तेव्हा मालिश बघून खूश होते. एअर बेड आहे म्हटल्यावर कूस बदलायची गरजच काय, असं सगळ्यांचं मत. लकव्याच्या आजोबांना काखेत हात घालून ओढून उठवतात. पेज भरवतात ती जवळजवळ आडवं ठेवून, कारण बसवायला दोघी लागतात. आणि एक आजी अंघोळीला नको म्हणाल्या की दोघींनी धरून घालायची.

यात खरोखर चुकीचं काय आणि मी उगाच बाऊ करतेय ते काय? आणि बोलायचं कसं? मावशी माझ्या आईच्या वयाच्या, मी काल आलेली.

चहाबाज

सरळ मॅनेजरला सांगा आणि मोकळ्या व्हा. पगार त्यांनी घ्यायचा आणि डोकेदुखी तुम्ही का?

पांढरी टोपी

चहाबाज, अहो, नव्या पोरीने पहिल्याच महिन्यात वर तक्रार केली तर रात्रपाळीला तिच्या हाकेला कोण येणार?

पिंपळपान, मी सरकारी रुग्णालयातून निवृत्त झालेली सिस्टर. तो लाल डाग आधी बघ, बाकीचं नंतर. डागावर बोट दाबून काही सेकंद धर आणि सोड. जागा फिकी पडून पुन्हा लाल झाली तर रक्त अजून खेळतंय. दाबूनही लालच राहिली तर कातडी फाटलेली नसली तरी तो पहिल्या पायरीचा बेडसोअर आहे, त्याच दिवशी सिस्टरला दाखवायचा. सावळ्या अंगावर लाली पुष्कळदा दिसतच नाही. तिथे जांभळट-काळपट रंग बघायचा, हाताला गरम, कडक किंवा भुसभुशीत लागतंय का ते बघायचं.

हाड आणि गादी यांच्यामध्ये मांस चेपून तिथलं रक्त अडतं, म्हणून तो डाग पडतो. आत आधीच इजा झालेली असते, वरून चोळलं की ती वाढते. तेल लावायचंय तर हाता-पायांना हलक्या हाताने लाव, डागावर नाही. (एकच पोटरी सुजलेली, गरम, दुखरी दिसली तर तिला मात्र हातही लावू नकोस, सिस्टरला बोलव. आत गुठळी असू शकते.) रिंग काढून टाका. तिची कड चहूबाजूंनी दाबते आणि मधल्या भागाला उलट कमी रक्त मिळतं. एअर बेडने दाब कमी होतो, पण कूस बदलणं सुटत नाही. साधारण दोन तासांचा हिशोब धर. ज्यांची कातडी त्याआधीच लाल होते त्यांना लवकर वळवायचं. पूर्ण कुशीवर केलंस तर सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो, म्हणून पाठीमागे उशी देऊन जरासं कलतं ठेव, साधारण ३० अंश. पोटऱ्यांखाली उशी अशी सरकव की टाचा अधांतरी राहतील. टाचांकडे कुणाचं लक्षच जात नाही.

वर सरकवताना ओढायचं नाही. खाली घडी केलेली चादर ठेवायची आणि दोघींनी दोन बाजूंनी धरून उचलून सरकवायचं. ओढलं की कातडी गादीला चिकटून राहते आणि आतलं मांस पुढे जातं.

लकव्याचा खांदा सैल असतो, काखेतून ओढलं की तो सांध्यातून सरकतो. कुशीवर वळवून, पाय खाली सोडून, मग बसवायचं. सदरा घालताना दुबळा हात आधी, काढताना चांगला हात आधी. हे एकदा करून बघ, वेळ निम्मा लागतो.

भरवण्यात तडजोड नाही. ताठ बसवायचं, हनुवटी जरा खाली, लहान घास, गिळल्याची खात्री करून पुढचा. लकव्याच्या बाजूच्या गालात अन्न साठतं, तिथे बघायचं. आवाज घरघरीत, ओला झाला किंवा ठसका लागला की थांबायचं. पाण्याचा ठसका पेजेपेक्षा लवकर लागतो हेही लक्षात ठेव. जेवणानंतर अर्धा तास तरी बसतं ठेवायचं. घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो, आणि त्या वयात तो जीवावर बेततो.

ओहायोकर

मी मूळची साताऱ्याची, सध्या ओहायोत नर्सिंग होममध्ये हेच काम करते. अंघोळीबद्दल लिहिते. इथे अमेरिकेत १९८७च्या कायद्यापासून नर्स एडला, म्हणजे माझ्यासारख्या मदतनिसाला, किमान ७५ तासांचं प्रशिक्षण सक्तीचं आहे. त्यातले १६ तास कुणालाही हात लावायच्या आधी पूर्ण करायचे असतात, आणि त्यात संसर्ग टाळण्याच्या जोडीने निवासींचे हक्कही शिकवतात. नको म्हणणं हा त्यातलाच एक हक्क.

पण 'नको' म्हणाल्या म्हणून आपण हात झटकून निघून जायचं, असंही नाही. का नको ते शोधायचं. थंडी वाजते? पाणी एकदम डोक्यावर येतं त्याची भीती? कपडे काढायची लाज? आमच्याकडच्या एक बाई सकाळी कुणाला जवळ येऊ देत नाहीत, दुपारी चहानंतर आपणहून उठतात. तासाभराने परत विचार, दुसऱ्या कुणाला तरी विचारायला सांग. तरी नाहीच, तर तोंड, काखा आणि जांघांपुरतं स्पंज कर. अंगावर टॉवेल ठेवून, पुसायचा तेवढाच भाग उघडा करायचा. बायकांना पुढून मागे पुसायचं, उलट नाही, नाहीतर लघवीचा संसर्ग. आणि नकार दिला हे सिस्टरला सांगायचं. रोज नकारच यायला लागला तर बहुतेकदा काहीतरी दुखत असतं.

आणखी एक, जे आपल्या लोकांना फार जड जातं. स्वतःच्या हाताने चार घास खाता येत असतील तर ते खाऊ द्यायचे, सांडलं तरी. आपण भरवतो, केस विंचरतो, बटणं लावतो, त्याला सेवा म्हणतो. महिन्याभरात तो हात उचलायचाच बंद होतो.

रविवारचा पाहुणा

माझे वडील अशाच एका केंद्रात आहेत. खरं सांगू? आम्ही नातेवाईक मालिश बघतो, चादर पांढरी आहे का बघतो, आणि समाधानाने घरी जातो. टाचा बघायच्या असतात हे आज कळलं. आणखी काय बघावं?

पांढरी टोपी

पाहुणे, लघवीची पिशवी बघा. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातलेली असेल तर ती मूत्राशयाच्या पातळीखाली लटकलेली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. नळीला पीळ नको. बोलावायची बेल हाताला लागते का? पाण्याचा पेला पोचेल असा ठेवलाय का? आणि स्टाफ एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना हात धुतो का? साबणाने ४० ते ६० सेकंद, सॅनिटायझरने २० ते ३०. हातमोजे घातले म्हणजे हात धुणं माफ, असं नसतं.

पिंपळपान

सगळ्यांचे आभार. डाग दाबून पाहिला, लालच राहिला. सिस्टरला दाखवला, त्यांनी डॉक्टरांना कळवलं आणि रिंग काढायला सांगितली. मावशी जरा फुगल्यात.

आता दुसरं. नाकातून जेवणाची नळी असलेले एक आजोबा रात्री नळी उपसतात, म्हणून त्यांचे हात कॉटला बांधतात. उद्यापासून माझी रात्रपाळी. मला हे करवणार नाही, आणि नळी निघाली तर जबाबदार मी.

पांढरी टोपी

हात बांधायचे की नाही हे तूही ठरवायचं नाही, मावशींनीही नाही. डॉक्टरांची लेखी ऑर्डर आणि घरच्यांना कल्पना आहे का, हे पाळी सुरू व्हायच्या आधी सिस्टरला विचार. आणि आजोबा का उपसतात ते बघ. नाकावरची चिकटपट्टी ओढतेय का, डायपर ओला आहे का, पोट साफ होऊन किती दिवस झाले. एरवी शांत असणारा माणूस एकदम बरळायला लागला तर त्याला म्हातारपण म्हणून सोडू नकोस. लघवीचा संसर्ग असाही बोलतो. जाडसर कापडी हातमोजा सुचवून बघ, काही वेळा मऊ टॉवेलची गुंडाळी हातात दिली तरी बोटं तिच्यात रमतात. नळी निघालीच तर फीड, म्हणजे नळीतून दिलं जाणारं पातळ अन्न, बंद करायचं आणि सिस्टरला बोलवायचं. परत घालायला जाऊ नकोस, ते आपल्या कामात बसत नाही. फीड चालू असताना आणि नंतर थोडा वेळ डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी.

मावशींचं म्हणशील तर त्यांना शिकवायला जाऊ नकोस. 'मावशी, एकटीने वळवता येत नाही हो, जरा चादर धरता का?' असं म्हण. हात लावतील, आणि वळवणंही होऊन जाईल.

ओहायोकर

आणि लिहून ठेव गं. 'आजोबांनी रात्रभर त्रास दिला' असं नाही. 'रात्री २ वाजता नळी ओढली, हात सारखा पोटावर, लघवी गडद' असं. डॉक्टर त्यावरून काही करू शकतात, 'त्रास दिला' वरून नाही.

पिंपळपान

कूस बदलण्याचा तक्ता पलंगाच्या पायथ्याशी लावू म्हणते. त्यात काय काय लिहू?

पांढरी टोपी

वेळ, डावी-उजवी-पाठ, कातडी कशी दिसली, आणि सही. चारच रकाने. पाचवा आखलास तर कोणी भरणार नाही. सहीच्या रकान्यात पहिलं नाव मावशींचं घाल.