मदत हवी आहे : १४ कंपाउंडपैकी रॅटसाठी ३ कशी निवडू?

विश्रामबाग_९७
एम. फार्म., शेवटचं वर्ष, सांगली. १४ कंपाउंड तयार आहेत, त्यातली ३ रॅटवरच्या टॉक्सिसिटी टेस्टला द्यायचीत. एथिक्स कमिटीचा फॉर्म शुक्रवारी. कॉम्प्युटरवरचे डॉकिंग स्कोअर सगळ्यांचे चांगलेत. लवकर सांगा.

कृष्णाकाठ
कसली कंपाउंड? कशासाठी? तोंडावाटे की इंजेक्शन? डॉकिंगवरून रेणू प्रथिनाला बसेल का एवढंच कळतं, लिव्हरचं काय होईल ते नाही.

विश्रामबाग_९७
कर्क्युमिनची. सुजेवर. तोंडावाटे.

हरिपूरचं_पेव
हळदीला कसली टेस्ट? आमच्या पेवांत पिढ्यान्‌पिढ्या हळद राहिली, आजीनं दुधातून पाजली, कुणाला काही झालं नाही.

कृष्णाकाठ
दादा, हळदीत कर्क्युमिन शेकडा तीन-चारच. आणि ही पोरं त्याचा रेणूच बदलतात, त्याला आजीचा अनुभव लागू नाही.
@विश्रामबाग, कर्क्युमिनच्या रेणूतला मधला डायकीटोन भाग तसाच ठेवलाय की त्याचं पायराझोल (नायट्रोजनचं कडं) केलंय? तसाच असेल तर साध्या बफरमध्येही टिकत नाही. आणि एम्स टेस्ट (जनुकात बदल होतो का ते जिवाणूंवर बघतात ती) केल्याशिवाय एकही पुढे पाठवू नका.

अजिंक्यतारा
एम्स नंतर. मी कंपनीत हेच काम केलंय. लॉग पी (रेणू तेलात किती ओढला जातो त्याचं माप) ३ च्या खाली आणि पोलर सरफेस (रेणूचा पाण्याशी जमणारा पृष्ठभाग) ७५ च्या वर, अशी आधी निवडा. स्विसएडीएमई या वेबसाइटवर हा हिशोब फुकट होतो.

कृष्णाकाठ
ताई, तो सरासरीचा नियम. जनुकावर घाव घालणारा रेणू त्यातूनही सुटतो.

कडेगाव_पशुवैद्य
एका प्राण्यात सुरक्षित म्हणजे सगळ्यांत नाही. गुरांना चालणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकानं, मेलेली गुरं खाणारी गिधाडं जवळजवळ संपली, २००६ मध्ये जनावरांसाठी बंदी आली.

विश्रामबाग_९७
मला गिधाडांचं नकोय हो. १० पायराझोल आहेत, ४ तशीच. काल ९ नंबर सीएमसीत (औषध पाण्यात तरंगतं ठेवणारा डिंकासारखा पदार्थ) घोटलं, दहा मिनिटांत खलाच्या तळाला पिवळा थर. चालेल का?

अजिंक्यतारा
हे पहिल्यांदा सांगायला हवं होतं! खाली बसणारं औषध प्रत्येक रॅटला कमीजास्त जातं. रक्तात उतरलंच नाही तर किलो वजनाला २००० मिलिग्रॅम देऊनही जनावर ठणठणीत, आणि तुम्ही 'सुरक्षित' लिहून मोकळे. ते जीव फुकट गेले की नाही? ९ बाजूला ठेवा, बाकीची विरघळतात का बघा.

कृष्णाकाठ
हे मात्र शंभर टक्के.

विश्रामबाग_९७
७ छान विरघळतं. पण ४० मिलिग्रॅमच उरलंय. एम्सला पुरेल?

अजिंक्यतारा
एम्सचं सोडा. किलोला २००० म्हणजे २०० ग्रॅमच्या एका रॅटला ४०० मिलिग्रॅम. पहिल्या तिघींनाच १.२ ग्रॅम. आधी ७ पुन्हा बनवायला घ्या.