उरलेल्या गोळ्या: कोकणातील औषधांचे अनुभव

ग्रामीण रुग्णालयात औषधनिर्माण अधिकारी म्हणून अनेक वर्षे खिडकीपलीकडून गोळ्या देत आल्यामुळे माझे एक मत पक्के झाले आहे. औषध घातक ठरते ते बहुधा ज्याच्यासाठी लिहिले त्याच्याकडून दुसऱ्याकडे गेल्यावर, किंवा ज्या मुदतीसाठी दिले ती मुदत ओलांडल्यावर. आपल्याकडे खाडीपलीकडचा दवाखाना, पावसात बंद पडणारा रस्ता आणि वाडीवर डॉक्टर नसणे यांमुळे घरातील उरलेली पट्टी हाच पहिला वैद्य होऊन बसतो. म्हणून रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील सर्वांना विनंती आहे की औषधाने झालेला लाभ किंवा अपाय, स्वतःचा असो की घरातल्यांचा, येथे सविस्तर लिहावा. औषध कशासाठी घेतले, कोणी दिले आणि किती दिवस चालले हे अवश्य सांगावे. डॉक्टरांची, दुकानांची नावे नकोत आणि येथे वाचून कोणी डोस ठरवू नये.

सावंतवाडी तालुका, आरोग्यसेविका

लावणी सुरू झाली की जोखमीच्या गावांत आम्ही डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या वाटतो. लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे जंतू उंदरांच्या आणि गुरांच्या लघवीतून शेतातल्या चिखलात उतरतात आणि पायाच्या भेगांतून, बांधावर खरचटलेल्या जागेतून अंगात शिरतात. त्यांना अटकाव म्हणून प्रौढांना आठवड्यातून एकदा २०० मिलीग्रॅम देण्याची पद्धत आहे. ताप अंगावर काढल्यामुळे कावीळ होऊन मूत्रपिंडे निकामी झालेले रुग्ण ज्याने पाहिले आहेत, त्याला या गोळीचे मोल सांगावे लागत नाही.

तरीही दरवर्षी तक्रारी येतात आणि त्या बहुतेक घेण्याच्या रीतीमुळे असतात. उपाशीपोटी घेतली की मळमळते, म्हणून लोक रात्री घोटभर पाण्याबरोबर गिळून लगेच आडवे होतात. गोळी अन्ननलिकेत अडकून तेथे व्रण पडतो आणि दुसऱ्या दिवशी पेज गिळतानाही छातीत आग होते. जेवणानंतर, पेलाभर पाण्याबरोबर आणि त्यानंतर अर्धा तास तरी उठून बसून घेतली तर हा त्रास सहसा होत नाही. दुधाबरोबर मात्र घेऊ नये, कारण दुधातल्या कॅल्शियममुळे ती नीट शोषली जात नाही.

याहून मोठी काळजी साठवलेल्या गोळ्यांची आहे. एका घरात उरलेली गोळी घसा दुखतो म्हणून पाच वर्षांच्या मुलीला देण्यात आली होती. लहान वयात या औषधाने दातांवर कायमचे डाग पडू शकतात, आणि गरोदर बाईलाही ते टाळतात, हे त्या घरी कोणी सांगितलेलेच नव्हते. ताप आल्यावर शिल्लक गोळी घेऊन दोन-तीन दिवस वाट पाहणारे पुरुष तर प्रत्येक वाडीत भेटतात. ती एक गोळी आजार बरा करायला पुरत नाही, आणि तपासणी मात्र तेवढी लांबते.

महाड, शेतकरी

आमच्याकडे लाल विंचवाचे भय फार असे. गडग्यातले दगड काढताना, पेंढा उतरवताना माणसे विंचू चावून दगावत. गंभीर अवस्थेत रुग्णालयात आणलेल्यांपैकी सुमारे तीस टक्के दगावत, असे जुने डॉक्टर सांगतात. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून या दंशाचा अभ्यास केला आणि रक्तदाबासाठी असलेले प्राझोसिन हे औषध त्यावर वापरले. विषामुळे रक्तवाहिन्या आकसतात, हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी भरते. प्राझोसिन त्या आकसलेल्या वाहिन्या सैल करते. या उपचारानंतर मृत्यूंचे प्रमाण एक-दोन टक्क्यांवर आले. त्यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या पंचक्रोशीत घरचेच कार्य असल्यासारखा आनंद झाला.

माझ्या पुतण्याला दंश झाला तेव्हा घामाने त्याचे कपडे भिजले होते आणि हातपाय गार पडले होते. गोळी दिल्यावर रक्तदाब एकदम उतरू नये म्हणून त्याला बराच वेळ आडवेच ठेवले, लघवीलाही उठू दिले नाही. हे पाहिलेल्या एका शेजाऱ्याने पुढे त्याच गोळ्या मिळवून घरात ठेवल्या आणि वृद्ध चुलतीला विंचू चावताच एक दिली. तिला नुसती वेदना होती, घाम नव्हता, आणि रक्तदाबाच्या गोळ्या आधीच चालू होत्या. ती उठून उभी राहिली आणि तिथेच कोसळली. केवळ वेदना असलेल्या दंशाला हे औषध लागत नाही, हे तिला शुद्धीवर आणणाऱ्या डॉक्टरांनी आम्हाला बजावून सांगितले.

हर्णै, मासेमारी व्यवसाय

आमच्या होडीवरच्या खलाशांना पावसाळ्याच्या आगेमागे जांघेत नायटा होतोच, कारण कपडे खाऱ्या पाण्याने ओले आणि बदलायला जागा नाही. माझ्या मावसभावाने मेडिकलमधून एक मलम आणले. त्यात बुरशीचे औषध, अँटिबायोटिक आणि तीव्र स्टेरॉइड असे तिन्ही एकत्र होते. दोन दिवसांत खाज थांबली आणि तीच ट्यूब पुढे सगळ्या होडीवर फिरली. स्टेरॉइड खाज आणि लाली दडपते, पण त्या जागेची प्रतिकारशक्तीही कमी करते, त्यामुळे बुरशी आत निवांत पसरत राहते. मलम थांबवले की दुप्पट खाज सुटायची, म्हणून तो ते थांबवीत नसे.

त्वचारोगतज्ज्ञांकडे गेला तोवर नायट्याची नेहमीची कडा पुसली गेली होती. त्वचेची खरवड सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागली तेव्हा कुठे निदान झाले. पोटातून बुरशीविरोधी गोळ्या अनेक आठवडे घ्याव्या लागल्या. बुरशी गेली, जांघेत पडलेल्या पांढऱ्या भेगा मात्र राहिल्या, आणि त्या जाणार नाहीत असे डॉक्टर म्हणाले. स्टेरॉइड असलेली बरीच मलमे २०१८ मध्ये चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीत आली. बंदरावर ती अजूनही मागितली की मिळतात.

राजापूर तालुका, शिक्षिका

वरील अनुभव वाचून आईची गोष्ट लिहावीशी वाटली. तिच्या गुडघेदुखीवर बाजारच्या दिवशी येणारा एक जण ‘शुद्ध झाडपाल्याची’ पुडी देत असे. महिनाभरात ती जिना चढू लागली आणि साऱ्या आळीने पुड्या सुरू केल्या. नंतर तिचा चेहरा गोल झाला, हातांवर सहज काळेनिळे डाग उठू लागले आणि कधी नसलेली साखर वाढली. तो माणूस येईनासा झाला आणि पुड्या संपल्या, तेव्हा आईला उलट्या होऊ लागल्या, रक्तदाब उतरला, ती गुंगीत गेली.

डॉक्टरांनी पुडीत स्टेरॉइड असल्याचा तर्क केला. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिले की शरीर स्वतःचे तयार करणे थांबवते, आणि पुरवठा एकदम तुटला की जिवावर बेतते. शिरेतून हायड्रोकॉर्टिझोन दिल्यावर ती सावरली. म्हणजे ज्याने बिघडवले त्याच जातीच्या औषधाने वाचवले, फक्त या वेळी ते मोजून दिले होते आणि पुढे कित्येक महिने थोडेथोडे कमी करत थांबवले गेले. ज्यांच्या घरी अशी पुडी चालू आहे त्यांनी ती भीतीने एकाएकी बंद करू नये, पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जावे.

दिवेआगर परिसर, बागायतदार

३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर आमच्याकडे अनेक दिवस वीज नव्हती आणि वडिलांचे इन्सुलिन फ्रिजमध्ये होते. ते फेकून द्यायची तयारी चालली होती, पण चालू कुपी तीस अंशांखाली साधारण चार आठवडे चालते असे कळल्यावर ती मडक्यात ठेवली. दमट हवेत मडके देशावरच्याइतके गार होत नाही, तरी पडवीच्या सावलीत काम भागले. नवीन कुप्या मात्र मुंबईहून बर्फात घालून येणाऱ्या नातेवाइकाला आम्ही थांबवले, कारण गोठलेले इन्सुलिन निकामी होते.

म्हसळा, पक्षीनिरीक्षक

माणसांच्या धाग्यावर गिधाडांविषयी लिहिल्याबद्दल क्षमस्व. चिरगावची गिधाडे पाहायला येणाऱ्यांना मी हेच सांगतो की गुरांना दिलेले डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या गुराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करते. गुरांसाठीच्या या औषधावर २००६ मध्ये बंदी आली, तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोहोचतच होत्या. त्यामुळे २०१५ मध्ये माणसांचे इंजेक्शनही एकाच डोसच्या कुपीत विकण्याचे बंधन आले.

गुहागर तालुका, औषध दुकानदार

येथे दुकानांवर बोट ठेवले आहे आणि ते काही अंशी खरे आहे, म्हणून काउंटरमागची बाजू मांडतो. मार्च २०१४ पासून एच-१ या कडक नियंत्रणाच्या सरकारी यादीतल्या औषधांची स्वतंत्र वही ठेवावी लागते. त्यात रुग्णाचे आणि डॉक्टरांचे नाव, औषध व संख्या लिहायची आणि नोंद तीन वर्षे जपायची. झोपेसाठी घेतली जाणारी अल्प्राझोलाम, वेदनाशामक ट्रॅमाडॉल आणि नशा आणणाऱ्या कोडीनचे खोकल्याचे औषध या यादीत आहे. खोकला नसलेली तरुण मुले ते मागायला येतात तेव्हा ही वही मला उपयोगी पडते, कारण नकार माझा न राहता कायद्याचा होतो.

अवघड जाते ते वृद्धांच्या बाबतीत. मुंबईच्या डॉक्टरांनी काही दिवसांसाठी लिहिलेली झोपेची गोळी वर्षानुवर्षे चालू असते आणि चिठ्ठी जीर्ण झालेली असते. मी दिली तर सवय वाढते, एकदम नाकारली तर झोप उडून हात थरथरतात, क्वचित झटकेही येतात. अशांना मी तालुक्याच्या डॉक्टरांकडे पाठवतो आणि फोन करून कळवतो.

शेवटची फेरी गेल्यावर तापाचे मूल घेऊन कोणी आले तर पॅरासिटामॉल वजन विचारून देतो, जुलाब असतील तर ओआरएस देतो. अँटिबायोटिक देत नाही आणि त्यावरून बोलणीही खातो. सुट्या गोळ्या मागणाऱ्यांना मात्र पट्टी कापून द्यावीच लागते, कारण अख्खी घेण्याची ऐपत प्रत्येकाची नसते. कापलेल्या तुकड्यावर नाव आणि मुदत राहत नाही, म्हणून मी पाकिटावर औषधाचे नाव, रुग्णाचे नाव आणि कधी थांबवायचे ती तारीख मराठीत लिहितो. तारीख लिहायला लागल्यापासून उरलेल्या गोळ्या परत आणून ‘आता ह्या कोणाला चालतील का?’ असे विचारणारेही वाढले आहेत. त्या घेऊन मी मुदतबाह्य मालाच्या खोक्यात टाकतो.