मदत हवी आहे: आईच्या हिरड्यांतून रक्त, शुगर वाढलेली. दात साफ केल्यानं खरंच हलतात का?

धानवाला_पवनी: नमस्कार मंडळी. आम्ही भंडारा जिल्ह्यातले, पवनी तालुका. आई 56 वर्षांची, शुगर आहे, बीपीसाठी अ‍ॅम्लोडिपिन चालू आहे. बऱ्याच दिवसांपासून दात घासताना रक्त येतं, तोंडाला वास येतो आणि खालचे समोरचे दोन दात जिभेनं ढकलले तरी हलतात. दुखत काहीच नाही, म्हणून दाखवायला तयार नव्हती. त्यात गुडाखूची (तंबाखूची पेस्ट) सवय. सकाळी अंगणात बसून बोटानं घासत बसते, त्याशिवाय पोट साफ होत नाही म्हणते.

शेवटी तालुक्याला दाखवलं. पायोरिया, म्हणजे हिरड्यांचा आजार निघाला. डॉक्टरांनी आरसा धरून दातांच्या मागचा पिवळा-काळा थर दाखवला, नखानं खरवडला तरी निघत नाही असा. मशीननं सफाई करू म्हणाले. घरी आलो तर मोठी आई म्हणे, "साफ केले का दात हालतेत, माह्ये तसेच गेले." झालं! आई आता तिकडे फिरकायला तयार नाही. तुरटीच्या गुळण्या आणि लवंगाचं तेल सुरू आहे.

एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी तपासणी) 9.2 आली. शुगरच्या डॉक्टरांनी गोळी वाढवली, तोंड उघडून कोणी पाहिलं नाही. हिरड्यांचा आणि शुगरचा काही संबंध असतो का? धानाची रोवणी तोंडावर आहे, ती आटोपल्यावर नेलं तर चालेल का? आणि नागपूरला न्यायचं तर कुठं?

दाताचा_डॉक्टर: मोठ्या आईंनी पाहिलं ते खोटं नाही, कारण तेवढं उलटं लावलंय. तो थर म्हणजे लाळेतल्या कॅल्शियमनं टणक झालेलं कीटण. लाळेच्या ग्रंथी जिभेखाली उघडतात, म्हणून खालच्या समोरच्या दातांमागे ते जास्त साचतं. त्याच्या आडोशाला जंतू वाढतात, हिरडी सुजते आणि हळूहळू दाताभोवतीचं हाड झिजतं. दात तेव्हाच सैल झालेला असतो, कीटण त्याला सिमेंटसारखं धरून ठेवतं. ते काढलं की हलणं कळतं, फटी दिसतात, थोडे दिवस गार पाणी झोंबतं. दोष सफाईवर येतो.

नुसती हिरडी सुजलेली असेल तर ती पूर्ण बरी होते. झिजलेलं हाड मात्र सहसा भरून येत नाही, उरलेलं वाचवायचं असतं. तुमच्याकडे दात आधीच हलताहेत, म्हणून रोवणीपर्यंत थांबू नका. तुरटीनं हिरडी आकसल्यासारखी वाटेल, पण खालचं कीटण तसंच राहतं.

शुगरचा संबंध आहे आणि तो दोन्हीकडून आहे. शुगर जास्त असली की हिरडीचा आजार बळावतो, आणि हिरडीतली सूज शुगर ताब्यात येऊ देत नाही. नीट उपचार झाले तर तीन-चार महिन्यांत एचबीएवनसी सरासरी 0.4 टक्क्याच्या आसपास उतरते. म्हणजे 9.2 ची 7 होणार नाही, गोळी आणि पथ्य लागणारच. हृदयविकाराशीही संबंध दिसतो, पण सफाई केली की हार्ट अटॅक टळतो असं कोणी सांगत असेल तर सोडून द्या.

अ‍ॅम्लोडिपिननं काहींच्या हिरड्या फुगतात. डॉक्टरांच्या कानावर घाला, गोळी मनानं बंद करू नका.

नागपूरला मेडिकलच्या (सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या) आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथं हिरड्यांचा वेगळा विभाग आहे. त्याआधी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात विचारा, कदाचित तिथंच काम होईल.

खर्रामुक्त: गुडाखूचंही बघा. आमचे बाबा खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खायचे, हिरडीतून थेंबभर रक्त नाही, म्हणून सगळं ठीक वाटायचं. तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आजार झाकला जातो. आतून हाड गेलेलं होतं. सोडायला मदत हवी असेल तर 1800-11-2356 हा सरकारी नंबर फुकट आहे.

धानवाला_पवनी: धन्यवाद. आईला वाचून दाखवलं. मोठी आई म्हणे, "मंग माह्या टायमाले कोनं नाही सांगतलं?" सोमवारी भंडाऱ्याला नेतो. उपाशी न्यायचं का?

दाताचा_डॉक्टर: अजिबात नाही. जेवू घाला, शुगर-बीपीच्या गोळ्या नेहमीप्रमाणे द्या आणि सकाळच्या वेळी न्या. सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर खुर्चीत बसण्याआधीच सांगा.