उडी मारली, टाकली की घेतली?

गोदाकाठ: आम्ही नाशिकमधली दहा-बारा जणं महिन्याला एक परदेशी सिनेमा एकत्र बघतो. आधी मी मराठीत छोटं टिपण करून देते. या वेळी 'द एक्झॉर्सिस्ट' (१९७३) आहे. शेवटी फादर कॅरस त्या पोरीतल्या सैतानाला म्हणतो, तिला सोड, मला धर. तो धरतो. कॅरसचा चेहरा पालटतो, हात पोरीकडे जातात, आणि क्षणभर भानावर येऊन तो खिडकीतून स्वतःला झोकून देतो. खाली दगडी जिना. मी लिहिलं, 'कॅरस उडी टाकतो'. गटातल्या एका काकांचा फोन आला, "अगं, ही आत्महत्या नाही, आत्मबलिदान आहे. उडी 'घेतो' लिही." एवढा फरक आहे का?

निफाडकर: आहे. आमच्याकडे पोहायला विहिरीत उडी 'मारतात'. बाईनं उडी 'टाकली' म्हटलं की ऐकणारे गप्प होतात. आजी तेही म्हणायची नाही, 'तिनं विहीर जवळ केली' म्हणायची. शेजारचं पोर आमच्या विहिरीत पडलं तेव्हा चुलते धोतरानिशी आत गेले. पोर वाचलं, त्यांचा गुडघा कायमचा गेला. आजीनं ही गोष्ट शंभरदा सांगितली असेल, दर वेळी 'उडी घेतली' असंच.

पंचवटीतला: हा तुमच्या घरचा नियम झाला. गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पुराचं पाणी लागलं की आमच्याकडची पोरं पुलावरून उड्या टाकायची. सूर, मुटका, सगळं. मरायला कोणी जात नव्हतं.

शब्दवेडा: क्रियापद राहू द्या, मला 'आत्मबलिदान' खुपतं. बळी देणारा एक, जाणारा दुसरा. इथे दोन्ही एकच माणूस. 'आत्माहुती' म्हणा. हवन, आहुती, हुतात्मा, सगळे एकाच 'हु' धातूचे.

पंचवटीतला: धातू बघून कोण बोलतं? बलिदान म्हटलं की शाळकरी पोरालाही कळतं. आणि हुतात्म्याचं म्हणाल तर अनंत कान्हेऱ्यांनी २१ डिसेंबर १९०९ ला इथेच, विजयानंद नाट्यगृहात, कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. पुढच्या एप्रिलात ठाण्याला फाशी गेले. आपण मैदानाला 'हुतात्मा' म्हणून त्यांचं नाव दिलं. म्हणजे दुसऱ्यावर हात उचलून स्वतःचा जीव देणाऱ्यालाही तो शब्द चालतो.

सिडकोकर: कान्हेऱ्यांच्या मनात काय करायचं ते आधीपासून पक्कं होतं. कॅरसकडे एक श्वासाचा वेळ आहे. आणि तो कॅथलिक धर्मगुरू, त्याच्या धर्मात आत्महत्या पाप. म्हणून तर जिन्याखाली मित्र त्याला विचारतो, पापांची कबुली द्यायची आहे का? बोलता येत नाही, तो फक्त हात दाबतो. तिथे हवनकुंड आणू नका हो. आधी हे ठरवा, उडी कोणाची? कॅरसची की त्याला धरलेल्याची? माझ्या मते कॅरसचीच, पण 'घेतो' लिहिलं की प्रेक्षकाला ही शंका यायची सोयच उरत नाही.

निफाडकर: शंका कसली? पोरीला वाचवायला गेला तो. आमचे चुलते गेले तसाच.

माहेर-येवला: 'टाकणे' म्हणजे वाईटच का धरताय? आमची आत्या नातवावर जीव टाकते.

शब्दवेडा: तो 'टाकणे' निराळा. 'जीव लावणे'शी ताडून बघा.

गोदाकाठ: टिपण उद्या छापायचंय हो!

सिडकोकर: तुम्हीच वर 'स्वतःला झोकून देतो' लिहिलंय. तेच ठेवा.

पंचवटीतला: झोकून देतात ते कामात, समाजकार्यात. खिडकीतून नाही.

माहेर-येवला: का नाही? येवल्याकडे 'अंग झोकून दिलं' सर्रास म्हणतात.