काँक्रीटचा रस्ता दोन गळीत हंगामांत उखडला. तक्रार कुठून सुरू करावी?

कृष्णाकाठ_कराड
कराड तालुक्यातलं नदीकाठचं गाव. वेशीपासून मंदिरापर्यंत 100 मीटर लांब, 3 मीटर रुंद काँक्रीट रस्ता, 15व्या वित्त आयोगाच्या निधीतून झालेला. फलकावर जाडी 15 सेंटिमीटर लिहिली आहे. दोन हंगामांत मधला पट्टा फुटून खडी वर आली, कडा मात्र शाबूत आहेत. ग्रामपंचायतीत विचारलं तर उत्तर एकच: "उसाच्या ट्रॉल्या जातात, रस्ता टिकणार किती?" बिल पूर्ण निघालंय. गावात टक्केवारीची चर्चा आहे, पण कुणाच्याही हातात कागद नाही. कोणते कागद मागू आणि तक्रार कुणाकडे देऊ? थेट अँटी करप्शनला गेलं तर चालेल का?

मोजपट्टी
कडा शाबूत आणि मधलाच पट्टा फुटलेला, म्हणजे आधी जाडी बघा. काँक्रीट ओतायला साचा म्हणून दोन्ही बाजूंना सहा इंची लोखंडी चॅनल लावतात, पण आतली मुरमाची पाठ फुगीरच ठेवतात. कडेला टेप लावला की 15 सेंटिमीटर भरतं, मधोमध सात-आठच. मोजमाप घेणाराही कडेलाच टेप लावतो.

आता हिशोब करा. 100 × 3 × 0.15 म्हणजे 45 घनमीटर. 1:1.5:3 (सिमेंट:वाळू:खडी) प्रमाणाच्या एम-20 दर्जाच्या काँक्रीटला घनमीटरमागे साधारण 8 पोती सिमेंट लागतं, म्हणजे 360 पोती. फुगीर पाठीमुळे सरासरी जाडी 10 सेंटिमीटर पडली तर काँक्रीट 30 घनमीटर आणि सिमेंट 240 पोती. 120 पोती, शिवाय त्यांच्याबरोबरची खडी आणि वाळू, फक्त बिलात आली. टक्का कुठून निघतो ते यातून दिसतं.

ट्रॉल्यांचं कारण मान्य करू नका. ऊस दरवर्षी जातो, अंदाजपत्रक करणाऱ्याला ते ठाऊक असतं. काळ्या मातीवर मुरूम किती टाकायचा आणि रोलर किती फिरवायचा हे त्यातच धरलेलं असतं.

मात्र फुटलेला प्रत्येक रस्ता चोरीचा नसतो. नुसता वरचा पापुद्रा निघत असेल तर मालात पाणी जास्त झालंय किंवा पुढे आळी करून पाणी मारलेलं नाही. ठरावीक अंतराने आडव्या, सरळ भेगा असतील तर जॉइंट वेळेत कापले नाहीत. हे दोष कामाचे, आणि त्यांची जबाबदारी ठेकेदाराची आहेच. पण तक्रारीत दोन्ही गोष्टी वेगळ्या लिहा. सगळं एकत्र केलं की चौकशीत "किरकोळ दोष" असा शेरा मारून प्रकरण मिटवतात.

नळाच्या पाइपसाठी नंतर कुठे रस्ता आडवा कापला असेल तर तिथे आतली जाडी उघडी दिसते. कडेपासून मध्यापर्यंत दर अर्ध्या मीटरला पट्टी उभी धरून फोटो घ्या. स्वतः छिन्नी-हातोडा लावू नका. सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान केलं म्हणून उलट तुमच्यावरच तक्रार होईल.

जुना_लेखापाल
वरच्या हिशोबाला कागदाची जोड हवी. माहिती अधिकाराचा अर्ज ग्रामपंचायतीच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे द्या, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांची मर्यादा आहे, म्हणून "भ्रष्टाचार झाला आहे, खुलासा करावा" असल्या वाक्यांत शब्द घालवू नका. कागदांची नावं लिहा: अंदाजपत्रक, प्रशासकीय व तांत्रिक मान्यता, कार्यारंभ आदेश, करारनामा, मोजमाप पुस्तिकेची त्या कामाची सर्व पानं, देयकं, क्यूब चाचणीचे (काँक्रीटच्या ठोकळ्यांची ताकद तपासल्याचे) अहवाल, पूर्णत्वाचा दाखला. नक्कल पानाला 2 रुपये. कागद पंचायत समितीत किंवा बांधकाम उपविभागात असेल तर अर्ज 5 दिवसांत तिकडे वर्ग करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे.

30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, आणि तिथेही दाद मिळाली नाही तर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं. मुदत उलटल्यावर मिळणाऱ्या नकला मोफत असतात, ते अपिलात मागून घ्या.

कागद आले की आधी तारखा बघा. क्यूबची चाचणी 28 दिवसांची असते. काँक्रीट टाकल्यापासून तेवढे दिवस व्हायच्या आतच त्या चाचणीचा अहवाल जोडलेला असेल, तर तो अहवाल त्या रस्त्याचा नाही. खडीकरण, मुरूम आणि काँक्रीट या तिन्हींची मोजमापं एकाच दिवशी नोंदली असतील तर खालचे थर उघडे असताना कुणी मोजलेच नाहीत.

अजून एक गोष्ट हमखास सुटते. या रस्त्यावर पाच वर्षांत सगळ्या लेखाशीर्षांतून झालेल्या कामांची यादी वेगळ्या अर्जाने मागा. एका वर्षी "वेस ते मंदिर" वित्त आयोगातून आणि पुढच्या वर्षी "मंदिर ते वेस" जनसुविधा योजनेतून, अशी एकाच रस्त्याची दोन बिलं निघतात. नाव उलटं केलं की यादी वाचणाऱ्याला काम नवं वाटतं. वित्त आयोगाचा खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर घरबसल्या दिसतो, तो आधी उतरवून घ्या.

पंच_साक्षी
अँटी करप्शनबद्दल. सापळा लागतो तो लाच मागितली तर. तुमचं बिल, दाखला, नोंद यासाठी कुणी पैसे मागितले तर 1064 वर फोन करायचा. आधी पंचांसमक्ष मागणीची पडताळणी होते, मग फिनॉलफ्थॅलिनची पावडर लावलेल्या नोटा दिल्या जातात. घेणाऱ्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं. नाइलाजाने पैसे देऊन बसलेल्यानेही 7 दिवसांत कळवलं तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या 2018च्या दुरुस्तीनंतर तो गुन्हेगार ठरत नाही.

झालेल्या कामातला अपहार हा वेगळा विषय. तिथे उघड चौकशी लागते आणि अधिकाऱ्याने पदावरून घेतलेल्या निर्णयाची चौकशी असेल तर त्याच कायद्याच्या कलम 17अ प्रमाणे पूर्वमान्यता. त्यात वेळ जातो. म्हणून आधी जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे कागदांसह तक्रार द्या. त्यांच्या चौकशीवरून ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 39 खाली विभागीय आयुक्त सरपंचाला पदावरून काढू शकतात. ठेक्यात सदस्याचाच हिस्सा असेल तर कलम 14 ची अपात्रता, तो अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे. "घरचाच ठेकेदार आहे" एवढं म्हणून भागत नाही, हिस्सा दाखवावा लागतो.

कृष्णाकाठ_कराड
सगळ्यांचे आभार. कोअर (रस्त्यात भोक पाडून काढलेला काँक्रीटचा गोल नमुना) काढून तपासायची मागणी कशी लिहू? आणि ठेकेदाराकडून दुरुस्ती अजून करून घेता येईल का?

मोजपट्टी
माहिती अधिकारात कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे, कलम 2(ञ). मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडच्या अर्जात मात्र स्पष्ट लिहा: तक्रारदारासमक्ष संयुक्त पाहणी, किमान तीन कोअर, तिन्ही मधल्या पट्ट्यातून, जागा ठेकेदाराने ठरवू नयेत, नमुने जागेवर सीलबंद, पंचनाम्याची प्रत. चाचणी कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात मागा, जवळ पडतं. काँक्रीटच्या आयएस 456 या भारतीय मानकाप्रमाणे तीन कोअरची सरासरी ठरलेल्या ताकदीच्या 85 टक्के हवी आणि एकही 75 च्या खाली नको. एम-20 ला ते चौरस मिलिमीटरला 17 आणि 15 न्यूटन येतात. कोअर ताकदीत पास झाला तरी त्याची उंची पंचनाम्यात लिहून घ्या, तुमचा मुद्दा जाडीचा आहे.

जुना_लेखापाल
दुरुस्तीसाठी करारनाम्यातला दोषदायित्व कालावधी बघा. तो चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने व्हायला हवी आणि तोवर सुरक्षा अनामत परत देता येत नाही. माहिती अधिकाराची वाट न बघता आजच ग्रामपंचायत आणि उपअभियंता दोघांना पत्र द्या आणि आवक शिक्का मारलेली पोच घ्या. मुदत संपायला आली की अनामत गुपचूप सुटते, मग डागडुजी घरपट्टीच्या पैशातून होते. आणि घरपट्टी भरून हेच होतं असं दिसलं की लोक ती भरायचंच सोडतात. गावाचा स्वनिधी असा आटतो.

येत्या ग्रामसभेत विषय लेखी द्या, किमान सात दिवस आधी. चर्चा झाल्यावर इतिवृत्त तिथेच वाचून घ्या. सह्या आधी कोऱ्या पानावर घेतल्या जात असतील तर सही करू नका.