पणज्याच्या वरची पिढी सापडत नाही: ऑनलाइन वंशावळ आणि तहसिलीतले कागद (वऱ्हाड + वर्धा)

धुऱ्यावरून

नमस्कार मंडळी. घराण्याची वंशावळ फॅमिलीसर्च या वंशावळीच्या साइटवर भरायला घेतली आहे. मूळ गाव धामणगाव रेल्वे तालुक्यात, भाऊबंदांतली एक शाखा वर्धा नदीपलीकडे पुलगावच्या बाजूला. आतापर्यंत 34 माणसं भरली, सगळी घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून. पणज्याच्या वर काही सरकत नाही.

अडलंय ते असं. नाव, आडनाव, जिल्हा टाकून शोध घेतला तर आपल्याकडची एकही नोंद येत नाही, इंग्रज पलटणीतले साहेब येतात. मग पैसे भरून दुसऱ्या एखाद्या साइटची वर्गणी घ्यावी का? पणज्याचं नाव घरात सोनबा, जुन्या सातबाऱ्यावर सोनाजी, आजोबांच्या शाळेच्या उताऱ्यात वडिलांच्या जागी सोनू. यातलं भरायचं कोणतं? आज्या-पणज्या नुसत्या लक्ष्मीबाई, गंगाबाई. माहेर कोणाला सांगता येत नाही. आणि पुलगावच्या शाखेतही एक सोनबा आहे. तो आणि आमचा एकच असावा, असं साइट सुचवते. मानायचं का?

काळी_पांढरी

भाऊ, वर्गणी सध्या भरू नका. या साइटींवर भारताच्या ज्या नोंदी आहेत त्यांतला मोठा भाग कंपनी सरकार आणि ब्रिटिश अमलातल्या युरोपियन लोकांच्या चर्चवह्यांचा आहे: बाप्तिस्मा, लग्न, दफन. वऱ्हाडातल्या कास्तकाराचं नाव तिथं येण्याचं कारणच नाही. त्याचं नाव आलं ते सारा भरताना, वावर नावावर होताना, पोर जन्मल्यावर कोतवालाने नोंद केली तेव्हा, आणि पोराला शाळेत घातलं तेव्हा. साइट ही कागद लावून ठेवायची फडताळ समजा. कागद काढायला तहसिलीतच जावं लागेल.

तुमच्या बाबतीत मुद्द्याची गोष्ट म्हणजे नदी. वर्धा नदी ही वऱ्हाड आणि मध्य प्रांताची सरहद्द होती. अलीकडे रयतवारी (कास्तकार सारा थेट सरकारला भरायचा), पलीकडे मालगुजारी (मधला मालगुजार गोळा करून भरायचा). एकाच घराण्याचे कागद दोन वेगळ्या पद्धतींनी लिहिलेले मिळतील, त्यामुळे एका बाजूची युक्ती दुसऱ्या बाजूला चालवायला जाऊ नका.

अलीकडून सुरुवात करा. महाभूमी या सरकारी जमीन-नोंदींच्या साइटच्या 'आपले अभिलेख' पोर्टलवर मोबाइल नंबरने नोंदणी करायची, जिल्हा, तालुका, गाव आणि कागदाचा प्रकार निवडायचा, सर्व्हे नंबर किंवा फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) क्रमांक टाकून शोधायचं. हवा तो कागद कार्टमध्ये टाका, शुल्क भरा, मग 'डाउनलोड सारांश' मध्ये तो दिसतो. अमरावती जिल्हा पहिल्या 7 जिल्ह्यांत स्कॅन झाला, म्हणून तुमचं काम तुलनेने सोपं आहे. मात्र आजचा गट नंबर टाकून जुना कागद शोधाल तर रिकामे हात परत याल. एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. आधी तालुक्याच्या भूमी अभिलेख उपअधीक्षक कार्यालयातून एकत्रीकरणाचा उतारा घ्या, त्यात जुना सर्व्हे नंबर समोर लिहिलेला असतो. तो हाती आला की मागचा रस्ता उघडतो.

सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात किंवा कंसात जे आकडे असतात ते फेरफार क्रमांक. त्यांतला फौतीचा (खातेदार मेल्यावरचा) किंवा वारसाचा फेरफार काढा. एका कागदात मेलेला खातेदार, मृत्यूची तारीख, वारस आणि त्यांचं नातं, सगळं मिळतं. त्या फेरफारात आधीच्या फेरफाराचा आधार असेल तर मग तो काढा. असं साखळीने मागे जायचं. वाचताना 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञान पालनकर्ता आणि 'ए.कु.क.' म्हणजे एकत्र कुटुंब कर्ता हे लक्षात ठेवा. एकत्र कुटुंबात सगळ्या भावांच्या वतीने थोरल्याचं एकट्याचं नाव लागलेलं असतं. धाकटे भाऊ 'नव्हतेच' असं समजून झाड बंद करू नका.

पलीकडे, वर्धा जिल्ह्यात, मालगुजारी 1950 च्या कायद्याने संपली आणि त्यानंतरचा 1954-55 चा अधिकार अभिलेख हा पहिला भक्कम टेकू. त्यात खातेदार, बापाचं नाव, जात, राहण्याचं गाव असतं. त्याच्या मागे बंदोबस्ताच्या (सारा ठरवतानाच्या) मिसली म्हणजे फायली, जमाबंदी, खसरा. तिथं माणसाच्या नावापुढे मौरूसी, मालिक मकबूजा असे शब्द येतात. ते जमिनीवरच्या हक्काचे प्रकार आहेत. आडनाव समजून झाडात भरू नका.

दप्तर कुठं मागायचं तेही आधी ठरवा. धामणगाव रेल्वे हा नंतरचा तालुका, जुना तालुका चांदूर (आजचं चांदूर रेल्वे). पुलगावचा देवळी तालुकाही नंतरचा. ब्रिटिश काळी जिल्ह्यात वर्धा, आर्वी, हिंगणघाट या तीनच तहसिली होत्या. अभिलेख कक्षात 'आमच्याकडे नाही' असं उत्तर आलं तर नव्वद टक्के वेळा ते जुन्या तालुक्याच्या ठिकाणी असतं. नकलेचा अर्ज कोर्ट फी स्टॅम्प लावून द्या, त्यावर गाव, सर्व्हे नंबर आणि सालांचा पल्ला लिहा. नुसतं 'आमच्या पूर्वजांचे रेकॉर्ड द्यावे' लिहिलं तर अर्ज पडून राहतो, कारण बाबूला कोणता बस्ता उघडायचा तेच कळत नाही.

गंजीवाला

वर कागदाचं सांगितलंच आहे. मी झाडापुरतं लिहितो.

फॅमिलीसर्चवर वारलेल्या माणसांचं सगळ्या जगाचं एकच झाड असतं. तुम्ही भरलेला सोनबा कोणीही दुरुस्त करू शकतो, दुसऱ्या सोनबात मिसळू शकतो. हयात माणसं फक्त तुम्हाला दिसतात. म्हणून पुलगावच्या सोनबाची सूचना आली की लगेच हो म्हणू नका. बापाचं नाव, गाव, बायकोचं नाव, एका तरी मुलाचं नाव, यांतल्या तीन गोष्टी कागदावर जुळल्याशिवाय मिसळायचं नाही. वऱ्हाडात सोनबा, महादू, तुकाराम, गणपत ही नावं प्रत्येक गावात पाच-सहा सापडतात. जुळत नसेल तर 'एकच नाहीत' हा पर्याय निवडा आणि कारण लिहा, म्हणजे पुढचा माणूस पुन्हा तीच जोडणी करत नाही. महत्त्वाच्या पूर्वजांना 'फॉलो' करून ठेवा, बदल झाला की कळतं. चुकून मिसळलं गेलं तर त्या माणसाच्या बदलांच्या यादीतून ते परत उलटवता येतं. मात्र जितके दिवस जातील तितके त्यावर नवे बदल चढतात आणि उलटवणं किचकट होतं.

मुख्य झाड स्वतःच्या संगणकावर ठेवा. ग्रॅम्प्स हा वंशावळीचा प्रोग्राम मोफत आहे, नेट लागत नाही, देवनागरी नीट घेतं. फॅमिलीसर्चवरून जेडकॉम फाइल (झाड एका प्रोग्रामातून दुसऱ्यात न्यायची) थेट उतरवता येत नाही, त्यामुळे 'आधी तिकडे भरू, मग उतरवून घेऊ' हा बेत फसतो. मायहेरिटेज या दुसऱ्या साइटवर फुकटात 250 माणसं बसतात. चार पिढ्यांची भाऊबंदकी आणि सोयरे धरले तर तो आकडा लवकर भरतो. जेडकॉम बाहेर काढताना अक्षरांच्या पद्धतीत यूटीएफ-8 निवडा. दुसरं काही निवडलं तर सगळी नावं प्रश्नचिन्हं होऊन येतात आणि ती परत दुरुस्त होत नाहीत.

एक बारीक गोष्ट, पण हिच्यामुळे तासन्‌तास जातात. 'कुऱ्हाडे' हे आडनाव दोन तऱ्हेने टाइप होतं. एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडखूण. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, शोधयंत्राला मात्र दोन वेगळी आडनावं. एकाच घराण्यातले दोन भाऊ त्यामुळे एकमेकांना सापडत नाहीत. 'वऱ्हाड' शब्दाचंही तेच. कीबोर्ड एकच ठेवा, आणि पर्यायी नावात रोमन स्पेलिंग टाका. वानखडे, वानखेडे अशी दोन्ही रूपंही तिथेच.

सोनबा-सोनाजी-सोनू याचं उत्तर: मुख्य नाव सर्वांत जुन्या कागदावर जे असेल ते. बाकीची दोन्ही पर्यायी नावं म्हणून, प्रत्येकाला आपापला कागद जोडून. आपल्याकडे 'बा', 'जी', 'राव' हे वय आणि मान वाढला तसे चिकटतात. त्यावरून तीन माणसं करू नका.

ठिकाण लिहिताना घटनेच्या वेळचं लिहा. 1948 साली धामणगावात जन्मलेला माणूस मध्य प्रांत व वऱ्हाडात जन्मला. तो घर न सोडता 1950 ला मध्य प्रदेशात, 1956 ला द्विभाषिक मुंबई राज्यात आणि 1960 ला महाराष्ट्रात आला. यादीतून 'महाराष्ट्र' निवडून मोकळं होऊ नका. जुन्या कागदावरचं बासिम, एलिचपूर, वून, चांदा ही नावं दिसली तर ते आजचं वाशीम, अचलपूर, यवतमाळकडचा भाग, चंद्रपूर. यांतले बासिम, एलिचपूर आणि वून हे जिल्हे 1905 च्या फेररचनेत मोडले किंवा नाव बदललं.

मामाच्या मुलीशी लग्न झालेलं असेल तर तीच बाई झाडात दोन जागी दिसेल. ते बरोबर आहे, दुसरी प्रत तयार करू नका. दत्तक गेलेल्याला दोन्ही आई-बाप जोडा आणि नात्याचा प्रकार लिहा, नाहीतर 'वल्द' (कोणाचा मुलगा ते) बदललेला पाहून कोणीतरी त्याला दुसरा माणूस ठरवेल. पाटाने (पुनर्विवाहाने) आलेल्या बाईच्या आधीच्या लेकरांचंही तसंच.

बोरू_आणि_टाक

बायकांच्या नावांबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. हे सगळ्यांत अवघड, आणि सगळ्यांत जास्त राहून जातं ते हेच.

1956 चा हिंदू वारसा कायदा ही रेघ धरा. त्याच्या आधीच्या फौती फेरफारांत मुली बहुधा नसतात; विधवा दिसते, कधी 'बेवा', कधी 'जोजे अमुक' म्हणजे अमुकची बायको अशी. 1956 नंतरच्या फेरफारांत मुली येतात, सासरच्या नावासकट, आणि हक्कसोड केला असेल तर त्या लेखात सासरचं गावही असतं. म्हणजे तुमच्या पणजीचं माहेर तुमच्या गावच्या कागदात सापडणार नाही. ते तिच्या भावाच्या किंवा बापाच्या फौतीत, तिच्या माहेरच्या गावात आहे. आजोबांचे मामा कोणत्या गावचे होते एवढं म्हाताऱ्यांना विचारा. 'पणजीचं माहेर' विचारलं तर आठवत नाही, 'आबाजीचा मामा कुठला' विचारलं की पटकन गाव निघतं.

1950 च्या आधीचं बरंचसं मराठी दप्तर मोडीत मिळेल. मोडीत आधी आडवी रेघ ओढून खाली सलग लिहितात, शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ वेगळं दाखवत नाहीत. 'सोनबावल्दगोविंदा' अशी एकच माळ दिसते. 'वल्द' म्हणजे पुत्र; तो शब्द ओळखायला शिकलात की दोन पिढ्या वेगळ्या करता येतात. सालात फसली (साऱ्याच्या हिशेबाचं जुनं साल) दिसलं तर अंदाजे 590 मिळवा, शके असेल तर 78.

तीर्थोपाध्यांच्या वह्या हा वेगळा साठा. फॅमिलीसर्चवर 'हिंदू तीर्थयात्रा नोंदी' म्हणून 1194 ते 2015 चा संग्रह आहे, पण त्यात हरिद्वार आणि उत्तरेकडचा भर, आणि नुसत्या प्रतिमा आहेत. नाव टाइप करून शोध लागत नाही, पान उलटत बसावं लागतं. त्यापेक्षा त्र्यंबकेश्वर, काशी, प्रयाग, गया इथं घरातलं कोणी जाणार असेल तर त्यांच्याजवळ आडनाव, कुळ, मूळ गाव आणि जुना तालुका लिहून द्या. 'धामणगाव रेल्वे' सांगू नका, 'चांदूर' सांगा. उपाध्ये वही आडनाव आणि गावावरून काढतात. त्यात आलेल्या माणसाने भाऊ, मुलं, कधी बायकोचंही नाव सांगितलेलं असतं.

धुऱ्यावरून

खूप मोलाचं सांगितलं सगळ्यांनी. आजोबांच्या मामाचं गाव आजच विचारतो. एक राहिलं: चांदूरला कोतवाल बुकाची (कोतवालाच्या जन्म-मृत्यूच्या वहीची) नक्कल मागितली तर त्यात आजोबांचं नाव सापडेल का? शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात जन्मतारीख 1 जुलै 1931 आहे.

काळी_पांढरी

आजोबांच्या नावाने शोधाल तर बहुतेक सापडणार नाही. कोतवालाने नोंद केली ती बारशाच्या आधी. पानावर तारीख, बापाचं नाव, जात आणि 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच. 'सोनबा वल्द गोविंदा, कुणबी, मुलगा' अशी ओळ असते. आडनाव क्वचित. म्हणून अर्जात बापाच्या तिन्ही रूपांनी शोध मागा: सोनबा, सोनाजी, सोनू.

आणि 1 जुलै ही तारीख खरी धरू नका. गुरुजी वय बघून साल ठरवत आणि तारीख सोयीची टाकत. 1929 ते 1933 अशी पाच वर्षं मागा. त्या पाच वर्षांत सोनबाला जितकी पोरं झाली ती सगळी ओळीने उतरवून घ्या, लहानपणी गेलेलीही. मग मृत्यूच्या भागात तीच पाच वर्षं आणि पुढची दहा बघा. ज्या मुलाची मृत्यूनोंद नाही आणि ज्याचा क्रम घरातल्या 'थोरला-मधला-धाकटा' या सांगण्याशी जुळतो, तो तुमचा आजोबा. झाडात ही तारीख भरताना 'अनुमानाने' असं टिपणात लिहा आणि नकलेचा फोटो जोडा.

जात वैधतेसाठी हे काम करत असाल तर आत्ताच सांगतो: साइटवरच्या झाडाची प्रिंट जात पडताळणी समितीपुढे चालत नाही. वंशावळ शपथपत्रावर द्यावी लागते आणि प्रत्येक नात्यामागे प्रमाणित नक्कल. ओबीसीला 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीच्या नोंदी लागतात, त्यामुळे नक्कल घेतानाच तारीख, शिक्का आणि सही स्पष्ट उमटलीय का ते खिडकीवरच बघून घ्या.